आणि एक वर

मी इमारतीच्या आत होतो आणि इमारतीच्या बाहेर झालेली मोजणी पूर्ण भरली, त्या दिवसापासून मला जरा बरं नाही. म्हणजे ताप, अंगदुखी असं काही नाही. भूक लागते, झोपही लागते, उलट जरा जास्तच लागते. झालं ते एवढंच, की ऑफिसात आगीचा सराव होता. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून जिन्याने खाली जायचं, वाहनतळाच्या कोपऱ्यात आपापल्या मजल्याप्रमाणे उभं राहायचं आणि स्वतःला मोजू द्यायचं. माझ्या कानात गाणी चालू होती. शिवाय मी एका टोस्टरच्या माहितीपत्रकात अडकलो होतो. 'यंत्र चालू असताना आत काटा किंवा चमचा घालू नये' एवढ्यावर थांबावं की पुढे 'अथवा तत्सम वस्तू' जोडावं, हा प्रश्न होता. 'तत्सम'वर माझा बराच वेळ गेला असणार, कारण मान वर केली तेव्हा मजल्यावर कुणीच नव्हतं. कुणाची तरी खुर्ची अजून स्वतःभोवती हळूहळू फिरत होती. मी खिडकीशी गेलो. खाली सगळे उभे होते आणि सेफ्टी ऑफिसर नारिंगी जाकीट घालून बोटाने एकेकाला मोजत होता. बोट रांगेच्या टोकाला पोचलं, तिथे क्षणभर अडखळलं आणि मग फार समाधानाने त्याच्या स्वतःच्या छातीवर येऊन टेकलं. त्याने अंगठा वर केला. आकडा जमला होता. माझा हात काचेपाशी अर्धा वर गेला होता; तो मी डोकं खाजवून खाली घेतला. हाक मारून सांगणार तरी काय? की मी जळतोय? मी जळत नव्हतो.

सगळे वर आले, सेफ्टी ऑफिसरने "शंभर टक्के!" अशी घोषणा केली, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. रात्री बायकोला सांगितलं तर ती उशीला अभ्रा घालता घालता म्हणाली, "मग बरंच झालं की. कुणाला त्रास नाही." तेही खरंच. माझा धंदाच असा आहे, की मी चांगला वागलो तर कुणाला माझा पत्ता लागत नाही. खोकं फोडलं की वस्तूच्या आधी जो घडी घातलेला कागद बाहेर पडतो आणि न वाचता ड्रॉवरमध्ये जातो, तो मी लिहितो. 'इस्त्री अंगावरच्या कपड्यांवर फिरवू नये.' 'केस वाळवायचं यंत्र झोपेत वापरू नये.' लोक हसतात, पण यातली प्रत्येक सूचना कुणीतरी कुठेतरी तसं केल्याशिवाय लिहिली जात नाही. झोपेत केस वाळवणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो. निदान त्याची कुणी नोंद तरी घेतली. लहानपणी आई दहा मूर्खांची गोष्ट सांगायची. दहा जण नदी ओलांडतात, पलीकडे जाऊन मोजतात तर नऊच, कारण मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो. मग एक बुडाला म्हणून सगळे काठावर गळे काढून रडतात. आई हसायची, मीही हसायचो. आता आठवलं की वाटतं, काय नशीबवान माणसं! एक कमी भरला म्हणून दहाच्या दहा जण रडले. आमच्या ऑफिसात दहावा बुडता तर सेफ्टी ऑफिसरने छातीला बोट लावलं असतं आणि सगळे चहाला गेले असते.

त्यानंतर मी नको तिथे मोजायला लागलो. लिफ्टमधली माणसं, जेवणाच्या ताटल्या, दोरीवर वाळणाऱ्या पायमोज्यांच्या जोड्या. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि तिचे बाबा. सासूबाई आमच्या लग्नानंतर वर्षभरात गेल्या, तेव्हा बाबांना इकडे आणलं. तरुणपणी ते सैन्यात होते, मग उरलेलं आयुष्य एका गोदामात. बोलणं जवळजवळ नाही. एकाच घरात राहून आमच्यात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपलीकडे विषय गेलेला नव्हता. "भरली का?" "भरली." "ठीक." बाकी त्यांची खोड एकच, ते एका जागी उभे राहिले की हलत नाहीत. एकदा बायकोने गॅसवर दूध ठेवलं, "बाबा, जरा दुधाकडे बघा," म्हणून सांगितलं आणि ती बँकेत गेली. दूध वर आलं, त्यांनी वेळेवर गॅस बंद केला, दूध निवलं, त्यावर साय धरली, ती परत येईपर्यंत बाबा ओट्यापाशी दुधाकडे बघत उभे. "अहो बाबा, गॅस बंद आहे ना?" "बंद आहे." "मग?" "तू बघा म्हणालीस." रात्री जेवण झालं की ते बाल्कनीत जातात. बायको आतून दहा हाका मारते, ते "येतो" म्हणतात आणि येत नाहीत. शेवटी ती वैतागून बाहेर जाते, कठड्याशी उभी राहून खाली बघत काहीतरी पुटपुटते, तेव्हा कुठे ते वळतात. सासूबाई होत्या तेव्हा त्या हाका मारतच नसत. हात पुसत सरळ जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बघते मी." की हे निमूट आत. मला वाटायचं, नवराबायकोचं काहीतरी जुनं असेल. असतं प्रत्येकाचं.

मग बायकोला ती जाहिरात दिसली. 'एक रात्र सैनिकाची! निर्मनुष्य लष्करी बेटावर तंबूत मुक्काम, माहितगार मार्गदर्शक, नाश्ता समाविष्ट.' बेट तेच निघालं, जिथे बाबा तरुणपणी तैनातीला होते. सैन्याने ते कधीच सोडलं होतं आणि आता तिथे हौशी लोक ट्रॅकपँट घालून जायचे. "बाबा, जायचं का बघायला?" तिने विचारलं. बाबांनी बराच वेळ त्या चित्राकडे पाहिलं, ज्यात एक मुलगी तोफेवर बसून हसत होती. "ठीक," ते म्हणाले. आता त्यांच्या 'ठीक'मध्ये होकार, नकार आणि मरणाची बातमी हे सगळं मावतं, पण बायकोने होकार धरला. "तू जा त्यांच्याबरोबर," ती मला म्हणाली. "मी?" "मला सुट्टी नाही. आणि तुमचं दोघांचं जरा बोलणं होईल." "कशावर? बेटावर टाकी आहे का?" "विनोद पुरे. हे बघ, बाबांना एकटं सोडायचं नाही. घेऊन जाशील तसे परत आण." आणि मी चपला घालत असताना पुन्हा म्हणाली, "नाहीतर तूही येऊ नकोस." हसत म्हणाली, पण मी सूचना लिहिणारा माणूस आहे. हसत दिलेली सूचना कुठली आणि खरी कुठली, ते मला कळतं.

बोटीवर आम्ही प्रवासी अकरा. मार्गदर्शक वेगळा, त्याला सगळे 'कॅप्टन' म्हणत होते, कारण त्याच्या टोपीवर तसं शिवलेलं होतं. हसरा, धडपड्या पोरगा. पूर्वी मोबाइलच्या दुकानात होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. तिथेही ग्राहकांना शिस्त नव्हती म्हणाला. आमच्यात एक बाई मोठा थर्मास पोटाशी धरून बसल्या होत्या आणि बेट येईस्तोवर त्यांनी तो एकदाही उघडला नाही. "मंडळी," कॅप्टन ओरडला, "आज आपल्यात एक खरेखुरे सैनिक आहेत! याच बेटावर पहारा दिलेले!" टाळ्या पडल्या. कोण आलंय ते बघायला बाबांनीही मागे वळून पाहिलं. "काका, तुमच्या सन्मानार्थ आजपासून हजेरी तुम्ही घ्यायची. अस्सल लष्करी पद्धतीने." धक्क्यावर उतरून आम्ही रांगेत उभे राहिलो आणि बाबा समोर आले. ते बोट दाखवत नव्हते, नुसते डोळे फिरवत होते आणि एकेका माणसावर नजर ठेवून हलक्या आवाजात मोजत होते. रांगेच्या टोकाला "दहा" आले. मग त्यांनी मान वळवली, धक्क्याच्या थेट वर टेकडीच्या कडेला काँक्रीटची एक चौकी होती तिकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आणि एक वर. अकरा." "भरली!" कॅप्टन खूश. मला मात्र ते खटकलं. कारण त्यांनी स्वतःला मोजलं नव्हतं. दहा आम्ही, अकरावे ते. पण ते हिशोबातच नव्हते आणि त्यांच्या जागी वर कुणीतरी होतं. मी वर पाहिलं. चौकीच्या आडव्या फटीत काळोख होता. मोजणी मात्र भरली होती, आणि भरलेल्या मोजणीशी कुणी भांडत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं.

दिवसभर आम्ही बेटावर फिरलो. भिंतींवर जुन्या रंगात अक्षरं होती: 'येथे थांबू नये', 'आवाज करू नये', 'दिवा दाखवू नये'. एका पडक्या खोलीत तर नुसतंच 'नये' उरलं होतं. वरचा गिलावा पडलेला. मी त्या भिंतीसमोर जास्तच वेळ उभा राहिलो. मी इतकी वर्षं लिहितोय, पण इतकं सगळं एका शब्दात मला कधी जमलं नाही. कॅप्टन प्रत्येक दगडाची शौर्यकथा सांगत होता. वरच्या चौकीतून म्हणे एका शिपायाने एकट्याने शत्रूची नौका परतवली. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. "असं का," बाबा म्हणाले, जरा कौतुकानेच. मी मागे राहून त्यांना विचारलं, "बाबा, शत्रू कोण होता?" त्यांनी विचार केला. "कळवणार होते," ते म्हणाले. टाकी सोडून आमच्यातलं हे पहिलं संभाषण. मला ते लांबवायचं होतं. "मग कळवलं नाही?" "नाही. दारूगोळा यायचा, भाजी यायची. ते कळवायचं राहिलं." आणि ते पुढे चालू लागले, त्या वाटेवर आता वाट नव्हती तरी. काटेरी झुडपांतून त्यांचे पाय आपले आपण वळत होते. वाटेत थांबून त्यांनी एका मोडक्या हौदावर हात ठेवला आणि तो तसाच थोडा वेळ ठेवला, जसा आपण आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतो. आत पाणी नव्हतं. मी विचारणार होतो, भरली का? पण जीभ चावली. काही विनोद घरीच ठेवून यावेत.

संध्याकाळी तंबू ठोकले. पुन्हा हजेरी झाली, पुन्हा "आणि एक वर", पुन्हा "भरली!" यावेळी सगळ्यांनीच एका सुरात म्हटलं, लोकांना ते लष्करी काहीतरी वाटून आवडलं होतं. थर्मासवाल्या बाईंनी तर चौकीकडे बघून हातही हलवला. मी मनात हिशोब करत होतो, की हे जर असंच चाललं तर उद्या सकाळी आमच्यातला कोणीही एक जण सरळ समुद्रात चालत गेला तरी... पण कोणी एक जण असं का म्हणू, मी एकाच माणसाचा विचार करत होतो आणि तो आधी मी होतो. मग तंबूत बाबा माझ्याकडे पाठ करून झोपले, त्यांची ती आखडलेली पाठ दिसली, आणि तो माणूस बदलला. मी ठरवलं, आज जागायचं. बायकोने सांगितलंय. मी ताठ बसलो, डोळे मोठे केले आणि जी झोप लागली ती सरळ उजाडल्यावरच मोडली.

बाबांची जागा रिकामी होती. पांघरुणाची घडी इतकी नेटकी, की त्यात कुणी झोपलं होतं यावर विश्वास बसू नये. बाहेर धावपळ चाललेली. ओहोटी लागायच्या आत बोट सोडायला हवी, नाहीतर ती चिखलात रुतते आणि मग संध्याकाळपर्यंत सुटका नाही. मी धक्क्यावर पोचलो तेव्हा कॅप्टन स्वतःच मोजत होता. "काका कुठेत?" मी विचारलं. "असतील इथेच. थांबा, मोजू द्या." त्याचं बोट एकेकावरून सरकत माझ्यावरून गेलं, दहा झाले, टोकाला अडखळलं. मी त्या बोटाकडे बघत होतो. आता काय होणार ते मला माहीत होतं, एखादं भांडं मांडणीवरून घरंगळताना दिसतं आणि आपण हलत नाही, तसं. बोट हवेत वळलं आणि छातीवर टेकलं. "अकरा! भरली. चला, चढा."

"भरली नाही," मी म्हणालो. माझा आवाज मला अनोळखी वाटला. "तू स्वतःला मोजलंस."

"मग? मी नाहीये का?"

"तू आहेस रे. पण तू अकरांत नाहीस."

"असं कसं? काल अकरा, आज अकरा."

"काल तू नव्हतास मोजलेला. काल वरचा होता."

"वरचा कोण?"

थर्मासवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, आकडा जमतोय ना, मग कशाला खोड काढता?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्नाच्या पंगतीत मी उगाच उठून पानं मोजायला लागलोय. मला एकाएकी ती खिडकी आठवली, आणि काचेपाशी अर्धा वर गेलेला माझा हात. तेव्हा आत मी होतो, म्हणून हात खाली घेतला. आता आत दुसरा माणूस होता, आणि इथे खाली काचेच्या या बाजूला, मोजणाऱ्याच्या शेजारी, मी. "माझे सासरे कमी आहेत," मी म्हणालो. "मी वर जातोय. बोट सोडलीस तर..." इथे एक दमदार धमकी हवी होती. पण माझं आयुष्य 'नये'मध्ये गेलेलं. "...तर सोडू नये," मी म्हणालो आणि पायऱ्या चढायला लागलो.

चौकीत ओल्या चुन्याचा वास होता. आत दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा, छातीच्या उंचीवर आडवी फट, आणि फटीपुढे बाबा. हात मागे बांधलेले, नजर समुद्रावर. मी आलेलं त्यांना कळलं, पण त्यांनी मान वळवली नाही. "बाबा, बोट निघतेय." "हो, ऐकलं." आणि खरंच, तिथून सगळं ऐकू येत होतं. खालचा धक्का जणू कानाला लागून होता. थर्मासचं झाकण अखेर उघडल्याचा आवाजसुद्धा आला. "इथून खालचं सगळं ऐकू येतं," बाबा म्हणाले. "इथलं खाली काही जात नाही. वारा तसा आहे." मग ते थांबले. मला वाटलं, संपलं; पण ते बोलत राहिले, समुद्राशीच बोलल्यासारखे, आणि त्या एका खेपेत जेवढं बोलले तेवढं घरात एकूणही बोलले नसतील.

"शेवटच्या दिवशी इथे मी होतो. बेट सोडायचं होतं. सगळे खाली धक्क्यावर. हजेरी झाली. एक माणूस कायम इथे असायचा, म्हणून मोजणारा शेवटी म्हणायचा, 'आणि एक वर.' तशीच सवय. त्या दिवशीही म्हणाला. भरली म्हणाला. मग बोटीचं इंजिन ऐकू आलं."

"आणि तुम्ही?"

"मी बघत होतो."

"अहो, पण धावत खाली जायचं ना!"

"पहारा सुटला नव्हता." हे त्यांनी, दुधापाशी 'तू बघा म्हणालीस' म्हणाले होते, त्याच सुरात सांगितलं. "पहारा असा आपला आपण सोडता येत नाही. एक तर खालून मोजणाऱ्याने हाक द्यायची, 'पहारा उठला.' नाहीतर दुसऱ्याने येऊन डाव्या हाताला उभं राहायचं आणि म्हणायचं, 'बघतो मी.' मग आपण म्हणायचं, 'बघ.' मगच नजर काढायची."

"मग किती दिवस तुम्ही..."

"बरेच. हौदात पाणी होतं. डबे होते. खाली जायचो, खायचो, परत यायचो. नंतर बोट आली एक."

"तुम्हाला न्यायला."

"नाही. साहेबांचं कपाट राहिलं होतं. आरशाचं. त्याला चौघं हवे होते आणि आले होते तिघं." त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी झालं, ते हसू असेल तर असेल. "चौथा हात मी लावला. कपाटाशेजारी बसून आलो. कागदावर कपाट आल्याची नोंद झाली. माझी नाही, कारण कागदावर मी हरवलोच नव्हतो."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"तुमच्या सासूबाईंना. बाकी कुणी विचारलं नाही." खालून भोंगा वाजला. बाबांचे खांदे किंचित आकसले, तेवढेच; म्हाताऱ्या माणसाचे खांदे, बनियनच्या पट्ट्यांखाली हाडं दिसणारे. मला तो तरुण मुलगा दिसला, माझ्यापेक्षा लहान, जो इथे उभा राहून आपला स्वतःचा आकडा ऐकत होता आणि तो आकडा बरोबर येत होता. मी ऑफिसात उभा होतो तो जेमतेम एका सरावापुरता. "बाबा, चला," मी म्हणालो. "येतो," ते म्हणाले. आणि हलले नाहीत. बाल्कनीतलं 'येतो' ते हेच. तेव्हा मला हात पुसत येणाऱ्या सासूबाई आठवल्या. त्या कुठे उभ्या राहायच्या ते आठवलं. मी बाबांच्या डाव्या हाताला सरकलो. फटीतून समुद्र दिसत होता, सपाट, राखी, शत्रूचं नावही नसलेला.

"बघतो मी," मी म्हणालो.

मग शेजारी एक श्वास सुटला, जुन्या ट्यूबमधून हवा निघावी तसा, हळू आणि पुष्कळ. "बघ," बाबा म्हणाले. त्यांचे गुडघे कडकडले. पायऱ्यांवर पावलं वाजली, खाली खाली गेली. मला एकेरीत हाक मारल्याचं सुख होतंय तोवर माझ्या लक्षात आलं, की पहारा आता माझ्याकडे आहे.

ही चूक कुठल्याच पत्रकात मी टाकलेली नाही, कारण आजवर ती कुणी केली नव्हती. दुसऱ्याला सोडवताना आपण त्याच्या जागी उभे राहतो. मग आपल्याला कोण सोडवणार? सरळ निघून जावं की, मी स्वतःला सांगितलं. तू सैनिक आहेस का? तू टोस्टरवाला. पण पाय निघेनात आणि नजर तर मुळीच निघेना. नुकतंच मी एका माणसाला शब्द दिला होता, आणि समुद्राकडे बघायला आता दुसरं कुणी नव्हतं. खालून सगळं ऐकू येत होतं.

"आले का काका! बसा, बसा. पाणी उतरतंय."

"मोजू," बाबांचा आवाज.

"मघाशी मोजलं ना काका. अकरा."

"परत मोजू." मग तो हलका आवाज एकेका माणसावर ठेवत पुढे सरकत गेला. कोणी खोकलं. कोणाची पिशवी पाण्यात पडली, कोणी उचलली. "नऊ," बाबा म्हणाले, आणि जरा थांबून, नवीन शब्द तोंडात घोळवावा तसे, "आणि मी. दहा."

मला पुढचे शब्द माहीत होते. इतके पाठ, की माझे ओठ हलले. पण ते बाबांच्या आधी कॅप्टनच म्हणाला, मोठ्या उत्साहाने, शिकलेला धडा म्हणून दाखवावा तसा: "आणि एक वर! अकरा! भरली. सोडा रे दोर." इंजिन गुरगुरलं. फळी ओढल्याचा आवाज आला. मी समुद्राकडे बघत होतो. गंमत म्हणजे मला भीती वाटत नव्हती.

"थांबा," बाबा म्हणाले. "एक कमी आहे."

"अहो काका, ते काय वर, दिसतायत की!"

"दिसतोय. पण बोटीत नाही. वरचा मोजायचा नसतो. खाली आला की मोजायचा." आणि मग त्यांनी आवाज चढवला. तो आवाज त्यांच्याजवळ आहे हे घरात कुणालाही माहीत नव्हतं. भिंतीवरच्या त्या 'नये'लासुद्धा तडा जावा असा. "इंजिन बंद कर! एक कमी आहे!"

इंजिन बंद झालं. लाटांचं पाणी दगडांतून परत जाताना तेवढं ऐकू येत होतं.

"पहारा उठला!" बाबांनी खालून हाक दिली. "ऐकलंस का? पहारा उठला! खाली ये!"

ऐकलं होतं. इथून खालचं सगळंच ऐकू येतं. पण मी लगेच हललो नाही. म्हटलं, अजून एकदा म्हणतील.